पायथन-फिनटीएस दर वेळी टॅन मागतंय? आधी सिस्टिम आयडी बघा

पहाटे पाचला फोन थरथरतो. बँकेचं ॲप विचारतंय, खात्यात शिरायला परवानगी द्यायची का? परवानगी मागणारी स्क्रिप्ट आपलीच, क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीला, आपणच लावलेली. आपण झोपेत असतो. मुदत संपते, स्क्रिप्ट एरर देऊन बंद पडते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. दिवसा हाताने चालवली तर मात्र तीच स्क्रिप्ट मुकाट्याने सगळे व्यवहार आणून देते.

पायथन-फिनटीएस ही लायब्ररी वापरून जर्मन बँकेतल्या खात्याचे व्यवहार ओढणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. विचारणारे जर्मनीत राहणारे असतात, तसे पुण्यात बसून जर्मन क्लायंटचं काम करणारेही असतात. टॅन म्हणजे पिनशिवाय बँकेला द्यायचा एकवेळचा कोड किंवा ॲपमधली मंजुरी. तक्रार एकच : ‘अहो, एकदा टॅन दिला होता, मग परत का मागतो?’ मी स्वतः इथल्या आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार आहे. मंडळ जर्मन कायद्याप्रमाणे नोंदलेली संस्था असल्यामुळे वर्षाच्या शेवटी दोन सभासद हिशेब तपासतात. कुणाची वर्गणी आली, कुणाची राहिली, गणपतीची देणगी कुणी पाठवली, हे सगळं बँकेच्या स्टेटमेंटवरून जुळवावं लागतं. ते काम स्क्रिप्टवर सोपवलं तेव्हा पहिले काही आठवडे माझेही याच टॅनपायी गेले. त्यामुळे खाली जे लिहितोय ते करून पाहिलेलं आहे.

उत्तर आधीच सांगतो. दर वेळी टॅन मागण्याचं नेहमीचं कारण हे, की तुमची स्क्रिप्ट बँकेला दर वेळी नवखी म्हणून भेटते. बँकेने तिला ओळखपत्र दिलेलं असतं आणि काम संपलं की ती ते फेकून देते.

फिनटीएस हा जर्मन बँकांचा सामाईक प्रोटोकॉल. जुनं नाव एचबीसीआय. सध्या सर्रास चालते ती ३.० ही आवृत्ती २००२ सालची आहे, आणि तिची घडण त्या काळाला साजेशी आहे : मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो, प्रत्येक तुकड्याला पाच-सहा अक्षरी नाव, आणि उत्तर म्हणून बँकेकडून चार आकडी कोड. यात वेबसाइटसारखी कुकी नसते. तिच्या जागी असतो सिस्टिम आयडी. तुम्ही पहिल्यांदा जोडता तेव्हा तुमच्याकडे आयडी नसतो, म्हणून लायब्ररी शून्य पाठवते. बँक एक नवा आयडी काढून देते. पुढच्या खेपेला तोच आयडी दाखवलात, तर बँकेला कळतं की हे कालचेच गृहस्थ. शून्य पाठवलंत, तर तिच्या लेखी कुणीतरी नवीन यंत्र पिन घेऊन दारात उभं आहे. अशा वेळी ती टॅन मागते, आणि तिने तो मागायलाच हवा.

या मागण्यामागे कायदाही आहे. पेमेंटविषयीच्या युरोपीय निर्देशातली कडक ओळखपडताळणी १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. तिच्यात एक सवलत आहे : खात्याची शिल्लक आणि गेल्या ९० दिवसांचे व्यवहार नुसते बघायचे असतील, तर बँकेने प्रत्येक वेळी टॅन मागितला नाही तरी चालतं. मात्र पहिल्या वेळी मागायचा, आणि ठरावीक मुदतीनंतर पुन्हा मागायचा. ही सवलत तुमच्या आयडीला चिकटलेली असते. आयडी हरवला की सवलत हरवली.

तेव्हा कोडमध्ये काहीही बदलण्याआधी एवढंच करा. खाती मागवणारी किंवा व्यवहार मागवणारी ओळ झाली की क्लायंटचं ‘सिस्टिम_आयडी’ हे ॲट्रिब्यूट लॉगमध्ये छापा. स्क्रिप्ट दोनदा चालवा. दोन्ही वेळा तोच आयडी दिसला तर तुमचा रोग वेगळा आहे, पुढचे तीन परिच्छेद सोडून खाली या. दोन वेळा दोन वेगळे आयडी दिसले तर रोग सापडला.

उपाय लायब्ररीतच आहे, फक्त तो नमुन्याच्या छोट्या कोडमध्ये नसल्यामुळे पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. क्लायंटवर ‘डीकन्स्ट्रक्ट’ नावाची मेथड आहे. ती क्लायंटची सगळी आठवण एका बंद गाठोड्यात बांधून देते : सिस्टिम आयडी, बँकेने कळवलेल्या तिच्या क्षमता, तुमच्या खात्यांची माहिती. ‘इन्क्लूडिंग_प्रायव्हेट’ला ट्रू दिलं तर खाते क्रमांक आणि नावंही त्यात येतात. हे गाठोडं फाइलमध्ये बाइट्स म्हणून लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी क्लायंट तयार करताना ‘फ्रॉम_डेटा’ म्हणून परत द्यायचं. पिन त्यात जात नाही, सर्व्हरचा पत्ताही जात नाही. ते दोन्ही दर वेळी तुम्हालाच द्यावे लागतात. तरीही फाइलच्या परवानग्या फक्त स्वतःपुरत्या ठेवा आणि ती गिटमध्ये चुकूनही जाऊ देऊ नका. डीकन्स्ट्रक्ट केल्यावर तो क्लायंट पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून ही मेथड अगदी शेवटी, डायलॉग (बँकेशी चालू असलेलं संभाषण) बंद झाल्यावर बोलवायची.

आता त्या पहाटेच्या फोनकडे वळतो, कारण गाठोडं जपूनही माझा प्रश्न सुटला नव्हता. हाताने चालवलं की सिस्टिम आयडी तोच, टॅन नाही. क्रॉनमधून चालवलं की रोज नवा आयडी, रोज टॅन. कोड तोच, मशीन तेच, युजर तोच. मी दोन संध्याकाळी बँकेवर संशय घेत बसलो. शेवटी क्रॉनच्या लॉगमध्ये चालू फोल्डर छापलं, आणि सगळा उलगडा झाला. मी फाइलचं नुसतं नाव लिहिलं होतं, पूर्ण पत्ता नव्हता. हाताने चालवताना मी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असायचो, तिथे फाइल होती. क्रॉन मात्र होम फोल्डरमधून सुरुवात करतो. तिथे फाइल नव्हती, म्हणून कोडने बिनबोभाट नवा क्लायंट तयार केला. नव्या क्लायंटला टॅन लागला. पहाटे पाचला तो द्यायला कुणी नव्हतं. टॅन न मिळाल्याने एक्सेप्शन आली, आणि आठवण फाइलमध्ये लिहिणारी ओळ त्या एक्सेप्शनच्या नंतर होती. म्हणजे होम फोल्डरमध्ये फाइल कधी तयार झालीच नाही. दुसऱ्या पहाटे परत पहिल्यापासून.

यातून तीन बदल केले आणि तेव्हापासून फोन पहाटे वाजलेला नाही. फाइलचा पूर्ण पत्ता लिहिला. आठवण जपण्याचं काम ‘फायनली’मध्ये टाकलं, म्हणजे मध्ये काहीही कोसळलं तरी ते होतंच. आणि तिसरा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : स्क्रिप्ट दोन रीतींनी चालते. हाताने चालवली तर ती नवा क्लायंट तयार करू शकते आणि टॅन विचारू शकते. क्रॉनमधून चालवली तर फाइल नसताना नवा क्लायंट करायचाच नाही, ‘आठवणीची फाइल सापडली नाही’ असं स्वच्छ लिहून थांबायचं. टॅन मागितला गेला तरी थांबायचं आणि मला ईमेल पाठवायचा. रात्री कुणी नसताना बँकेच्या दारात उभं राहून बेल वाजवत राहण्यात काही अर्थ नाही. डॉकरमध्ये चालवणाऱ्यांनी हीच गोष्ट व्हॉल्यूमच्या बाबतीत तपासावी. फाइल कंटेनरच्या आतच लिहिली असेल, तर नवा कंटेनर आला की तीही गेली.

आयडी तोच राहतोय आणि तरीही टॅन येतोय, असं असेल तर लॉग उघडा. पायथनचं नेहमीचं लॉगिंग डीबगवर ठेवलं की बँकेची उत्तरं दिसू लागतात. कोडचा पहिला आकडा बघायचा : ० म्हणजे ठीक, ३ म्हणजे सूचना किंवा इशारा, ९ म्हणजे चूक. आपल्या कामाचे कोड मोजके आहेत. ३०७६ दिसला तर बँक म्हणतेय, कडक पडताळणीची गरज नाही. हा कोड दिसला की निश्चिंत व्हायचं. ००३० म्हणजे विनंती मिळाली, आता टॅन द्या. ३९५५ म्हणजे परवानगी दुसऱ्या मार्गाने, बहुतेक फोनवरच्या ॲपमधून, द्यायची आहे. ३९२० मध्ये तुम्हाला कोणकोणत्या टॅन पद्धती चालतील त्यांचे क्रमांक येतात. हा लॉग मदतीसाठी कुणाला पाठवायचा असेल तर आधी स्वतः ओळ न् ओळ वाचा. त्यात खाते क्रमांक असतात, पैसे पाठवणाऱ्यांची नावं असतात. आमच्या मंडळाच्या बाबतीत ती सगळी आमच्याच लोकांची नावं, आणि ती बाहेर जाऊ न देणं ही माझी जबाबदारी आहे.

टॅन नेमका कुठे मागितला गेला हेही बघा. तो दोन ठिकाणी मागितला जाऊ शकतो, आणि पुष्कळांचा कोड त्यातलं एकच ठिकाण तपासतो. डायलॉग उघडतानाच मागितला तर क्लायंटच्या ‘इनिट_टॅन_रिस्पॉन्स’मध्ये काहीतरी असतं. ते तपासलं नाही तर पुढची विनंती भलत्याच एररने अडते आणि आपण भलतीकडेच शोधत राहतो. व्यवहार मागताना मागितला तर व्यवहारांच्या यादीऐवजी टॅन हवा असल्याचं सांगणारा ऑब्जेक्ट हातात येतो. यादी समजून त्यावर लूप चालवला की पायथन रागावतो, आणि दोष पार्सरला लागतो. फोनवर परवानगी देण्याची पद्धत असेल, तर ती दिल्यानंतर ‘सेंड_टॅन’ला रिकामी स्ट्रिंग द्यायची असते. फोनवर काही येतच नसेल तर टॅन पद्धत तपासा. तुमच्याकडे ॲप आणि कार्ड रीडर दोन्ही असतील, तर लायब्ररीने भलतीच पद्धत उचललेली असू शकते. ती आपण होऊन निवडता येते, आणि निवडल्यावर गाठोडं पुन्हा जपायचं.

दुसरं मोठं कारण आहे तारखेचं. याचा गंमतीशीर भाग असा, की ते ठरावीक मोसमात उगवतं. वर्षाचा हिशेब हवा म्हणून मी व्यवहार नेहमी १ जानेवारीपासून मागायचो. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च सुरळीत गेले. एप्रिल उजाडला आणि टॅन सुरू. कोडला हात लावला नव्हता, बँकेनेही काही कळवलं नव्हतं. मग कॅलेंडरवर मोजलं : १ जानेवारी ते १ एप्रिल बरोबर ९० दिवस, लीप वर्ष नसेल तर. त्यापुढे माझी मागणी सवलतीच्या बाहेर पडत होती. सुरुवातीची तारीख दिलीच नाही तर आणखी बिकट, कारण मग बँकेकडे आहे तेवढं सगळं मागितलं जातं आणि टॅन हमखास येतो. आता मी दर रविवारी फक्त मागचे ३० दिवस मागतो आणि जुने व्यवहार माझ्याच डेटाबेसमध्ये ठेवतो. ९० ला अगदी टेकून मागू नका. दिवस कुठून मोजायचा यावरून एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

तिसरं कारण म्हणजे मुदतीचं नूतनीकरण. सुरुवातीला ते ९० दिवसांनी होतं. नियमात बदल होऊन २५ जुलै २०२३ पासून ते १८० दिवसांवर आलं. एवढा टॅन द्यावाच लागतो, त्यावर कोडचा इलाज नाही आणि शोधूही नये. मी शेवटचा टॅन दिल्याची तारीख फाइलमध्ये लिहून ठेवतो, आणि पाच महिने झाले की स्क्रिप्ट मला आठवण करते. मग एखाद्या संध्याकाळी चहा घेता घेता हाताने चालवायची. आणि हेही लक्षात असू द्या, की ही सवलत बँकेला देता येते, पण फिनटीएसमधून तुम्ही थेट जोडता तेव्हा तिने ती द्यायलाच हवी असं नाही. आयडी तोच, मागणी ३० दिवसांच्या व्यवहारांची, आणि तरी ३०७६ कधीच दिसत नसेल, तर तुमच्या बँकेने दर वेळी टॅन मागायचं ठरवलेलं आहे. अशा वेळी नेटबँकिंगमधून एमटी-९४० या ठरावीक नमुन्यातली स्टेटमेंटची फाइल उतरवून घ्या आणि ती थेट एमटी-९४० याच नावाच्या पायथन लायब्ररीला द्या. पायथन-फिनटीएस आतून तीच लायब्ररी वापरते, त्यामुळे तुमचा पुढचा कोड बदलावा लागत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट. टॅनचा गुंता सोडवताना माणूस घाईघाईने स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवतो. पिन चुकीचा असेल, म्हणजे ९९४२ सारखा कोड येत असेल, तर तिथल्या तिथे थांबा. रीट्राय लावलेला लूप चुकीच्या पिनवर चालला तर खात्याचा ऑनलाइन प्रवेश बंद होतो, आणि तो उघडायला बँकेचं पत्र येईपर्यंत वाट बघावी लागू शकते. नेटवर्कच्या चुकीवर रीट्राय चालेल. पिनच्या चुकीवर कधीही नको. प्रॉडक्ट आयडी, म्हणजे तुमचा प्रोग्राम कोणता हे बँकेला सांगणारा क्रमांक, तोही स्वतःचा घ्या. जर्मन बँकांच्या संघटनेकडे फॉर्म भरून तो फुकट मिळतो. दुसऱ्याच्या कोडमधून उचललेला आयडी आज चालेल, उद्या बंद होईल.

पुण्याहून विचारणाऱ्यांपैकी काहींना हीच लायब्ररी आपल्या भारतातल्या खात्यावर चालवायची असते. ते होणार नाही. फिनटीएस हे जर्मनीचंच. भारतात ग्राहकाच्या संमतीने खात्याची माहिती देणारी अकाउंट अ‍ॅग्रिगेटरची व्यवस्था सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाली, पण तिच्यातून माहिती मागणारी संस्था नियामकाच्या अखत्यारीतली असावी लागते. एकट्या माणसाच्या स्क्रिप्टला तिथे थेट दार नाही.

आता टॅन सुटला, पण ३० दिवसांची खिडकी दर आठवड्याला मागितली की तेच व्यवहार चार-पाच वेळा हाती येतात. इथे दुसरा प्रश्न जन्मतो : हा व्यवहार आपल्याकडे आधीच आहे, हे ओळखायचं कसं? एमटी-९४० मध्ये व्यवहाराला भरवशाचा असा एकमेव क्रमांक नसतो. पैसे पाठवणाऱ्याचा संदर्भ असतो, पण तो पुष्कळदा ‘दिलेला नाही’ अशा अर्थाचा ठरावीक शब्दच असतो. तारीख, रक्कम आणि मजकूर एकत्र करून ओळख करायची म्हटली, तर आमच्याकडे नवरा-बायको एकाच खात्यातून एकाच दिवशी दोघांची सारखीच वर्गणी वेगवेगळी पाठवतात. दोन्ही नोंदी तंतोतंत सारख्या. अशी ओळख वापरणाऱ्या माझ्या पहिल्या कोडने बायकोची वर्गणी गिळली, आणि मी त्यांना वर्गणी राहिल्याचा ईमेल पाठवला. त्यांनी बँकेची पावती पाठवली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून मी व्यवहार एकेक जुळवत नाही. खिडकीतल्या नोंदणीच्या तारखांचे सगळे जुने व्यवहार काढतो आणि बँकेकडून आलेले सगळे घालतो, एकाच डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये. मधे काही बिनसलं तर जुनं तसंच राहतं.

यात जानेवारी सांभाळावा लागतो. स्टेटमेंटमधल्या ६१ क्रमांकाच्या ओळीत आधी मूल्यदिनांक येतो, सहा आकडी, वर्षासकट. त्याला चिकटून नोंदणीचा दिनांक येतो, चार आकडी, फक्त महिना आणि दिवस. ‘२४१२३१०१०२’ असं दिसलं तर पैसे ३१ डिसेंबर २०२४ ला धरले गेले आणि नोंद २ जानेवारीला झाली. कोणत्या वर्षीच्या? ओळीत लिहिलेलंच नाही. लायब्ररीच्या ‘एन्ट्री_डेट’मध्ये मूल्यदिनांकाचंच वर्ष लागतं, म्हणजे २ जानेवारी २०२४, एक वर्ष मागे. तो व्यवहार माझ्या खिडकीच्या बाहेर जाऊन पडायचा, दर रविवारी नव्याने घातला जायचा आणि कधीच काढला जायचा नाही. जानेवारीअखेर एकाच वर्गणीच्या चार नोंदी. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी याचा विचार केलेला आहे : दोन तारखांमध्ये ३३० किंवा त्याहून जास्त दिवसांचं अंतर पडलं तर वर्ष एकाने पुढे-मागे करून ती ‘गेस्ड_एन्ट्री_डेट’ म्हणून वेगळी देते. वापरायची ती हीच.

आणि दर रविवारी शेवटी एक बेरीज करा. स्टेटमेंटच्या ६० क्रमांकाच्या ओळीत सुरुवातीची शिल्लक असते, ६२ क्रमांकाच्या ओळीत शेवटची. सुरुवातीची शिल्लक अधिक तुमच्या डेटाबेसमधले त्या खिडकीतले सगळे व्यवहार, हे शेवटच्या शिलकीशी सेंटापर्यंत जुळलं पाहिजे. ओळीच्या या क्रमांकाला जोडून ‘एफ’ऐवजी ‘एम’ असेल तर ती मधल्या पानाची शिल्लक आहे, ती धरू नका. जुळलं नाही तर माझी स्क्रिप्ट त्या आठवड्याचं काहीच जपत नाही आणि फरकाची रक्कम ईमेलने कळवते. गेल्या जानेवारीत तो फरक बरोबर एका वर्गणीएवढा होता. त्या एका आकड्यावरून दहा मिनिटांत ओळ सापडली.